स्पेशल एज्युकेटर व्हायचंय? आधी कायदा वाचा, मग फॉर्म भरा

स्पेशल बीएड, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याची डिग्री, करू का, आणि केलं तर नोकरी लागेल का, हे दोन प्रश्न ॲडमिशनच्या सीझनला हमखास येतात, फोनवर, व्हॉट्सॲपवर, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा. पहिल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच द्यायचंय. दुसऱ्याचं उत्तर शोधायचं तर कायद्याचा इतिहास बघावा लागतो, आणि कंटाळवाणा वाटला तरी तो वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका असं मी सगळ्यांना सांगते. कारण आपल्याकडे दिव्यांग मुलांचं शिक्षण कधी एका खात्याकडे नव्हतंच आणि आजही नाहीये. एक दार समाजकल्याणाचं, दुसरं शिक्षण खात्याचं. तुम्ही कुठल्या दारातून आत शिरता त्यावर पगार कोण देणार, पद कायम की करारावर, एका शाळेत बसायचं की तालुकाभर फिरायचं, हे सगळं ठरतं.

हे दोन दारांचं प्रकरण आलं कुठून

मुंबईत १८८० च्या दशकात मिशनऱ्यांनी मूकबधिर मुलांची शाळा काढली, ती देशातली पहिली धरतात. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची. जय वकील शाळा १९४४ ची, वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली, त्यांच्या स्वतःच्या मुलीला सीपी होता. थोडक्यात काय, बरीच वर्षं हा कारभार धर्मादाय संस्था आणि हट्टाला पेटलेले आईबाप यांच्या जिवावर चालला. सरकारी ग्रँट मिळायची ती कल्याण म्हणून, समाजकल्याणाच्या फाइलीतून. महाराष्ट्रातल्या अनुदानित विशेष शाळांचा पगार आजही शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून न येता समाजकल्याणच्या बाजूने येतो तो यामुळेच, फक्त डिसेंबर २०२२ पासून मंत्रालयात दिव्यांग कल्याण असा वेगळा विभाग झालाय.

तसं कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच सांगितलं होतं की या मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असायला हवा. त्यानंतर १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची केंद्राची योजना आली, आयईडीसी, साध्या शाळेत दिव्यांग मुलं घ्यायची आणि त्यासाठी पैसे केंद्राने द्यायचे. गंमत बघा, साध्या शाळांसाठीची ही योजना सुरू झाली कल्याण खात्यातून आणि शिक्षण खात्याकडे आली १९८२ मध्ये. दुसरं दार उघडलं ते असं, उशिरा आणि अर्धवट. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक, विशेष तज्ज्ञ वगैरे सगळे याच दारातून आलेले.

आता शिक्षकांचं. ऐंशीच्या दशकापर्यंत कोण काय शिकून या मुलांना शिकवतंय याला धरबंध नव्हता, कोर्स वेगळे, सर्टिफिकेटं वेगळी. म्हणून १९८६ मध्ये रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आपलं आरसीआय, सोसायटी म्हणून स्थापन झालं, १९९२ ला त्याचा कायदा झाला आणि १९९३ पासून ते वैधानिक मंडळ झालं. या कायद्याचं कलम १३ फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. आरसीआयच्या रजिस्टरमध्ये नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये वाचून हसू येतं, पण मुद्दा दंडाचा नाहीये, तुमच्या नावापुढे सीआरआर नंबर, म्हणजे या रजिस्टरमधला नंबर, नसेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही स्पेशल एज्युकेटर नाहीच.

मुलांच्या हक्काचा पहिला मोठा कायदा १९९५ चा, फेब्रुवारी १९९६ पासून लागू. त्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं आणि कलम २६ मध्ये अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. ऑटिझम त्यात नव्हता, लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन, गणितातली अडचण) नव्हती. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी पालकत्वाची सोय केली. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालक कोण हा प्रश्न येतो तेव्हा आई हमखास शाळेतल्या बाईंनाच विचारते, म्हणून हा कायदा माहीत हवा, शिकवण्याशी थेट संबंध नसला तरी.

मग आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि त्याच्या मूळ मसुद्यात वंचित घटकांच्या व्याख्येत दिव्यांग मुलं धड नव्हतीच! ती २०१२ च्या दुरुस्तीने आली, तेव्हाच पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागांमध्ये त्यांचा हक्क पक्का झाला आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकायचा पर्याय मिळाला. सक्ती नाही हं, पर्याय. ‘याला होम बेस्डमध्ये टाका’ असं मुख्याध्यापक म्हणाले तर निवड पालकांची आहे एवढं त्यांना शांतपणे सांगायचं.

आणि आता ज्याच्यावर सगळं चालतं तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला होता त्याला धरून हा आला, सातचे एकवीस प्रकार झाले, लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझम स्वतंत्र नावाने आत आले. तीन कलमं पाठ करा. कलम १६, सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य अशा सगळ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेनुसार सोयी करायच्या. नुसती मान्यता असली तरी शाळा यात येते, त्यामुळे ‘आम्ही प्रायव्हेट आहोत’ ही पळवाट चालत नाही. कलम १७, अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. कलम ३१, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जे त्याला हवं तिथे. आरटीई चौदाला थांबतो, हे कलम अठरापर्यंत जातं.

नोकरीच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठी तारीख २८ ऑक्टोबर २०२१. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साध्या शाळांमध्ये विशेष शिक्षक हवेतच, आणि प्रमाणही घालून दिलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. पुढे हे प्रमाण आरटीईच्या परिशिष्टात आलं. राज्यं तरी ढिम्मच, म्हणून मार्च २०२५ मध्ये कोर्टाने पुन्हा पदं जाहीर करायला लावली. आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदं करायचा निर्णय झाला, म्हणजे प्रत्येक केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या गटाला) एक, आणि वर्षानुवर्षं करारावर राबणाऱ्यांना आधी त्यात सामावून घ्यायचं ठरलं. त्यामुळे पेपरात आकडा वाचून लगेच क्लास लावायला धावू नका, त्यातल्या नव्या जागा किती हे आधी बघा.

कोर्स निवडण्याआधी आठ दिवस जाऊन बसा

कुठल्याही ॲडमिशनच्या आधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर नुसतं बसा. शनिवारची गॅदरिंगची प्रॅक्टिस बघायला जाऊ नका, सोमवारी सकाळी जा. पंधरा वर्षांच्या मुलाची पँट बदलावी लागते, एखादी मुलगी चावते, कोणाची लाळ वहीवर सांडते आणि तेवढ्यात एखाद्याला फिट येते. फिट आली तर काय करायचं ते आत्ताच वाचून ठेवा, मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हलवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल. हे सगळं बघून घाबरायला होणारच, त्यात काही नाही. पण आठवडा संपल्यावर ‘बिचारी मुलं’ एवढंच मनात राहिलं असेल तर थोडं थांबा, दयेवर ही नोकरी दोन वर्षांपलीकडे जात नाही.

या आठवड्यातून स्पेशलायझेशनही ठरतं. स्पेशल बीएडला एक प्रकार निवडावा लागतो, श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, ऑटिझम वगैरे, बाकीच्यांची तोंडओळख असते पण डिग्रीवर आणि सीआरआरवर तोच शिक्का राहतो. माझं मत विचाराल तर बौद्धिक अक्षमतेत शाळा सगळ्यात जास्त आणि हात सगळ्यात जास्त तयार होतो. लर्निंग डिसॅबिलिटीला मुंबई-पुण्याच्या प्रायव्हेट शाळांत मागणी आहे, तालुक्याला तेवढी नाही. मूकबधिर शाळांचा पट कॉक्लिअर इम्प्लांटमुळे (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवायचं यंत्र) माझ्या पाहण्यात तरी कमी होतोय, पण त्याच मुलांना आता साध्या शाळेत आधार लागतो, म्हणजे काम आहे, जागा बदललीय. कुठला प्रकार सोपा असं विचारू नका. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, हे बोटांना जमायलाच महिने जातात.

आता प्रत्यक्ष पायऱ्या

बारावीनंतर डीएड स्पेशल, दोन वर्षं, प्राथमिकसाठी. ग्रॅज्युएशननंतर बीएड स्पेशल, तेही २०१५ पासून दोन वर्षं. दोन्हीला साधारण ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला सूट. महाराष्ट्रात बीएडची जी सीईटी होते ती जनरल आणि स्पेशल दोन्हीसाठी आहे, फॉर्म भरताना स्पेशलचा पर्याय नीट बघा, घाईघाईत जनरल भरून नंतर रडणारे दरवर्षी असतात. कॉलेजात मराठी माध्यम आहे का हेही विचारा, कारण पाठ मराठीत घ्यायचे आणि पेपर इंग्रजीत लिहायचे अशी कसरत बऱ्याच जणींना झेपत नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते: कॉलेजची आरसीआय मान्यता स्वतः तपासा. मान्यता कॉलेजला सरसकट नसते, ती कोर्सला असते आणि ठराविक वर्षांपुरती असते. म्हणजे एकाच इमारतीत बौद्धिक अक्षमतेच्या बीएडला मान्यता आहे आणि ऑटिझमच्या डिप्लोमाची संपलीय असं होऊ शकतं. आरसीआयच्या साइटवर राज्यवार यादी आहे, त्यात कॉलेजचं नाव, कोर्स आणि कुठल्या सत्रापर्यंत मान्यता हे तिन्ही बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. युनिव्हर्सिटी यूजीसी मान्य आहे, सरकारी आहे, एवढ्याने सीआरआर मिळत नाही. आणि ‘सहा महिन्यांत स्पेशल एज्युकेटर’ वाल्या ऑनलाइन सर्टिफिकेटांना रजिस्टरमध्ये शून्य किंमत आहे, शिकायला म्हणून करा हवं तर. मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवणदोषासाठी, नवी मुंबईत बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र, एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग, ही ठिकाणं निदान जाऊन बघावीत अशी. ॲडमिशन कुठेही घ्या, चांगलं काम कसं दिसतं ते कळतं.

पास झाल्या झाल्या सीआरआरसाठी ऑनलाइन अर्ज करा, नोकरीची वाट बघत बसू नका. मार्कशीटवरचं नाव, आधारवरचं नाव आणि लग्नानंतरचं नाव तीन ठिकाणी तीन असेल तर ॲफिडेव्हिट, गॅझेट हे सगळं आधी उरका.

शाळेतल्या सरकारी पदासाठी पुढे टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटी (केंद्राची) लागते, पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन, १५० मार्कांत ९० काढायचे. एनसीटीईच्या (शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१० च्या नियमात आणखी एक बारीक गोष्ट आहे, स्पेशल डीएड-बीएडवाल्याची साध्या शाळेत नेमणूक झाली तर नंतर सहा महिन्यांचा कोर्स करावा लागतो. तो नेमणुकीनंतरचा आहे, आधी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पोटापाण्याचं

विशेष शाळा संस्था चालवतात, त्यातल्या काही अनुदानित, बऱ्याच विनाअनुदानित. अनुदानित जागा निघाली तर उत्तम, पण जाहिरात, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची यादी), पदमान्यता हे कागद बघितल्याशिवाय हो म्हणू नका. ‘मॅडम, दोन वर्षांत अनुदान येतंय’ या एका वाक्यावर दहा-पंधरा वर्षं तुटपुंज्या पगारात काढलेल्या बायका मला माहीत आहेत. संस्थेला आधी डोनेशन द्यायचं का या प्रश्नाला माझं उत्तर एकच, नाही.

समग्र शिक्षामध्ये काम तालुक्याच्या गट साधन केंद्रातून चालतं. झेडपीच्या शाळांतली सीडब्ल्यूएसएन (विशेष गरजा असलेली) मुलं शोधायची, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, नोंद बरोबर आहे का बघायची, साधनांच्या मोजमाप शिबिराला घेऊन जायचं, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढून द्यायचं, मदतनीस भत्त्याचे कागद भरायचे, मधल्या वेळात घरी असणाऱ्या मुलाला जाऊन शिकवायचं. मराठवाड्यात किंवा मेळघाटात हे काम म्हणजे गाडीला किक मारता आली पाहिजे, शिकवण्याची हौस त्यानंतर.

सीबीएसईने संलग्नतेच्या अटींमध्येच स्पेशल एज्युकेटर ठेवायला सांगितलंय, त्यामुळे शहरी प्रायव्हेट शाळांत जागा निघतात. तिथे मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा, मला किती मुलं आणि रिकाम्या तासाला प्रॉक्सी (गैरहजर शिक्षकाचा वर्ग) लावणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा की तुम्हाला तपासणीपुरतं ठेवतायत. शॅडो टीचरचं (वर्गात एकाच मुलासोबत बसणाऱ्या शिक्षिकेचं) काम सुरुवातीला ठीक आहे, पैसे पालक देतात, पण तिथे तुम्ही एका मुलाला चिकटून राहता आणि तीन वर्षांनी बायोडेटात लिहायला फारसं उरत नाही.

आणि पहिल्या दिवशी वर्गात

आयईपी हा शब्द कॉलेजात हजारदा ऐकाल. तो आलाय अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातून, प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा, पालकांना धरून केलेला. तिकडे तो न पाळल्याबद्दल शाळेला कोर्टात खेचता येतं. (लग्नानंतर तिकडे गेलेल्या आपल्या कितीतरी मुली शाळेत पॅराप्रोफेशनल (शिक्षकाची मदतनीस) म्हणून लागतात आणि मग लायसन्स काढतात, ते राज्याराज्याचं वेगळं असतं, इकडचा सीआरआर तिकडे जसाच्या तसा चालत नाही, डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं.) आपल्याकडे आयईपी बऱ्याचदा तपासणीसाठी भरलेली फाइल असते. म्हणून तो असा लिहा की उद्या तुमची बदली झाली तरी दुसरीला वाचून काम सुरू करता आलं पाहिजे. ‘एकाग्रता वाढेल’ याला काही अर्थ नाही. ‘दहा बिल्ल्यांच्या ढिगातून सांगितल्यावर पाच बिल्ले मोजून हातात देईल, पाचपैकी चार वेळा’ असं लिहिलं की कोणालाही तपासता येतं.

बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही मुलाला काय काय येतं ते तपासायची चेकलिस्ट बहुतेक शाळांत वापरतात. मूल स्वतःहून करतं, खूण केल्यावर करतं, तोंडी सांगितल्यावर करतं, हात धरून करतं की अजिबात करत नाही, असं प्रत्येक कामासमोर नोंदवायचं. शर्टाचं बटण घ्या. नवी शिक्षिका पहिल्यापासून शिकवायला जाते आणि मूल दुसऱ्याच स्टेपला वैतागतं. उलटं करा. काज पकडणं, बटण आडवं करणं, निम्मं आत ढकलणं हे सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचं ओढून बाहेर काढणं मुलाला करू द्या, म्हणजे बटण ‘त्याने’ लावलं. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची स्टेप त्याच्याकडे. बटण मोठं घ्या आणि शर्ट आधी टेबलावर ठेवा, अंगावरचा शर्ट वरून उलटा दिसतो ते नंतर. श्रवणदोषाच्या वर्गात असंच रोज सकाळी सहा आवाजांची तपासणी करायची, म, आ, ऊ, ई, श, स, तोंड झाकून. मूल ‘स’ला प्रतिसाद देईना झालं तर आधी श्रवणयंत्राचा सेल आणि कानातला मोल्ड बघा, मुलावर ओरडणं राहू द्या.

साध्या शाळेत असाल तर नववी-दहावीची आई धावत येईल, मुलाला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, बोर्डाची सवलत पाहिजे, फॉर्मची तारीख परवा. सर्टिफिकेट अधिकृत सरकारी हॉस्पिटलचं लागतं, मुंबईत सायन, नायर अशा ठिकाणी, आणि तिथे रांगा असतात. म्हणून तुमच्या शाळेतली संशयित मुलं पाचवी-सहावीतच शोधा, त्यांच्या वह्यांच्या झेरॉक्स तारखेसकट ठेवा, डॉक्टरांना त्याच उपयोगी पडतात. प्रवेश नाकारला, सवलत नाकारली तर आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, कलम १६ किंवा १७ चा उल्लेख करून, पोच घेऊन. तोंडी भांडण करू नका, तुम्हाला तिथेच नोकरी करायचीय. ऐकलं नाही तर पालकांनी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची, सही पालकांची हवी, तुमची नको.

सीआरआर एकदा मिळाला की झालं असंही नाही, पाच वर्षांनी तो रिन्यू करावा लागतो आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे शिकत राहण्याचे, १०० पॉइंट लागतात. आरसीआय मान्य सेमिनार-वर्कशॉपचेच पॉइंट धरतात, बाकीच्या वेबिनारची रंगीत सर्टिफिकेटं चालत नाहीत. दरवर्षी वीसेक पॉइंट करत गेलात तर त्रास नाही, पाचव्या वर्षाच्या मार्चमध्ये शंभर गोळा करायला निघालात तर फी आणि रजा दोन्ही जातात. एक फाइल करा, त्यात सीआरई सर्टिफिकेटं, नेमणुकीची ऑर्डर, पगाराच्या स्लिपा आणि सीआरआरची कॉपी ठेवा, आणि मूळ कागद संस्थेच्या कपाटात जमा करायला सांगितले तर फक्त झेरॉक्स द्या.